डाव्या खणामागची जागा

१

जागा रिकामी होती.

माझे मिस्टर, बिरदेव, गाडीच्या डाव्या सीटपुढं उकिडवे बसले होते. पुण्याहून आणलेला नवा फिल्टर मी हातात धरून उभी होते. पांढराशुभ्र, घड्या घातलेल्या कागदी पंख्यासारखा, भोवती पातळ चौकट, आणि चौकटीवर छापलेला एक बाण. हवा ज्या दिशेनं जाते तिकडं बाणाचं तोंड ठेवायचं, एवढंच दुकानदारानं सांगितलं होतं. यांनी डाव्या हाताचा खण रिकामा केला, त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या, तसा तो खाली लोंबला. मागं एक अरुंद झाकण होतं. खटक्या दाबून ते ओढलं.

"जुना काढायचा, नवा सारायचा. हाय काय त्यात," असं म्हणत यांनी आत हात घातला आणि थांबले. "अगं, हितं कायच न्हाई."

"मुळातच नसेल. आपल्याकडच्या किती गाड्यांना असतो?"

"आपल्याकडच्या गाडीला नसंल. ही परदेशी हाय. ज्यांच्याकडनं घेतली ते साहेब कालच फोनवर म्हणाले, विकताना मी नवा घालून दिलाय, आता भरला असंल, बदला."

मी यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः वाकले. फट लांबट होती, वहीसारखं काहीतरी सरकवता येईल एवढी. तिच्या कडेनं बोट फिरवलं.

"हे असतं कशाला नेमकं?"

"बाहेरची हवा पुढच्या काचेखालच्या काळ्या जाळीतनं आत येती. ह्या फिल्टरमधनं गाळून पंख्यात जाती. मग पंखा ती आपल्या तोंडावर सोडतो. गाळणी म्हण की."

"आणि गाळणीच नसली तर?"

दोघांनीही घराच्या सोप्याकडं बघितलं. आमची अक्षता पायरीवर बाहुलीचे केस विंचरत बसली होती. बाहुलीला दटावत होती, "खोकू नको म्हणलं ना तुला."

मी बोट बाहेर काढलं. बोटाचं टोक पिवळं झालं होतं. पदराला पुसलं आणि उभी राहिले.

त्या साहेबांनी फिल्टर घालून दिला होता. आता तो नव्हता. आणि आमच्या गाडीला परक्या कुणाचा हात लागत नाही. म्हणजे ज्यानं कुणी माझ्या पोरीच्या तोंडापुढची गाळणी काढली, तो माझ्याच घरात माझ्याच हातची भाकरी खात होता.

२

अक्षता चार वर्षांची. छाती पहिल्यापासून नाजूक, पण यंदाच्या दसऱ्यापासून नवंच सुरू झालं. घरात बरी, बालवाडीत बरी, रिक्षातही बरी. आमच्या गाडीत बसली की सांगलीच्या विश्रामबागेतनं बाहेर पडायच्या आत खोकला. मग छातीतनं बारीक शिट्टी वाजायची आणि गळ्याखालची खळी आत आत ओढली जायची. ज्या बाईनं ती खळी बघितलीय तिला रात्रीची झोप नसते. मी झोपलेल्या पोरीच्या नाकाशी हात धरून श्वास बघते. यांना वाटतं मी वेडी झालेय.

डॉक्टरबाईंनी शेवटच्या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं, "गाडीत काहीतरी आहे. ते शोधा. असा अजून एक झटका आला तर मी तिला घरी सोडणार नाही."

आणि येत्या रविवारी जत तालुक्यातल्या आमच्या गावी बिरोबाची जत्रा होती. सांगलीपासून अडीच-तीन तासांचा रस्ता, तोही ह्याच गाडीनं. माझ्या सासूबाई अंबूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, नवस बोलून बसल्या होत्या. पोरीची छाती मोकळी होऊ दे, तिला तुझ्या पायावर घालीन. जाणार नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणजे रविवारच्या आत मला उत्तर पाहिजे होतं.

घरात संशय घ्यायला माणसं चारच. यांना मी सोडून दिलं. हेच तर फिल्टर घेऊन आले होते. उरल्या आत्या, धाकटा दीर प्रशांत, आणि मागच्या खोलीत राहणारा ड्रायव्हर केरबा.

केरबा नळावर गाडीचं फडकं पिळत होता. आमच्या गावचाच, आत्यांना मावशी म्हणणारा. मी फिल्टर त्याच्यापुढं धरला.

"केरबा, हे काय आहे सांग बरं."

त्यानं बघितलं न बघितलंसं केलं. "इंजनाचं असंल कायतरी."

"इंजिनाचं नाही. खणामागं असतं. आपल्या गाडीतलं नाहीसं झालंय."

"मग ऱ्हायलं. गाडी पळतीया न्हवं?"

"गाडी पळतेय रे. पोरीचा दम राहत नाही."

तो फडकं पुन्हा पिळायला लागला. त्यात पाणी शिल्लक नव्हतं. "मी न्हाई चोरलं, वैनीसाब. बिरोबाची आण."

"चोरलंस असं मी कुठं म्हटलं?"

"न्हाई, पर तुमी बगताय तसं." त्यानं मान खाली घातली. "दसऱ्याच्या आधी पंख्याला हवाच येईना झालती. दादा म्हणाले, गॅरेजात दावून आण. मी दावली. आता बगा की कशी लय हवा येतीया, गार वाटतंय. आता ती पिवळी जाळी पुढं कुटं ग्येली, मला काय म्हाईत?"

"बरं," म्हणून मी वळले. पायरी चढले आणि तिथंच थांबले.

माझ्या हातातला फिल्टर पांढरा होता. केरबानं पिवळी जाळी कुठं बघितली होती?

३

पिवळं म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं आलं ते गंधक.

आमचं द्राक्षबागायतदारांसाठी औषधांचं दुकान आहे. थंडी पडली की बागांवर भुरी येते आणि गंधकाच्या पावडरीला मागणी वाढते. दुकानातला माल टेम्पोनं जातो, गाडीनं नाही. यांनी तसं ठणकावून सांगितलं होतं. पण गाडीच्या डिकीला मला गेले कित्येक दिवस तो वास येत होता. प्रशांत दुपारी जेवायला आला तेव्हा मी त्याच्या ताटात भाकरी टाकता टाकता विचारलं,

"भाऊजी, डिकीतनं गंधकाची पोती नेता होय?"

त्याचा घास हातातच राहिला. "कोण म्हणालं?"

"डिकीच म्हणाली."

"आयला, वैनी, तुमी पोलिसात भरती व्हा. हितं भाकऱ्या थापून वाया चाललाय."

"हसू नका. गंधक फवारताना शेतकरी तोंडाला फडकं का बांधतो? आणि तुम्ही ते पोरीच्या पाठीमागं ठेवून फिरता."

प्रशांतचं हसू गेलं. अक्षता त्याच्या खांद्यावर बसूनच वाढली आहे. त्यानं ताट सरकवलं. "दादाला सांगू नका. टेम्पोची वाट बघत बसलं की गिऱ्हाईक दुसरीकडं जातंय. म्हणून एकादं पोतं टाकतो. पर फिल्टर का काय म्हणताय, त्ये मी बगितलंबी न्हाई. खणात मी फकस्त पावत्या ठेवतो."

मला त्याचं खरं वाटलं नाही. लपवणारा माणूस एक गोष्ट लपवत नाही, दोन लपवतो. मी तसं बोलूनही दाखवलं.

"आसं व्हय?" आता तो चिडला. "मग मला एक सांगा. दिवाळीनंतर तुमाला माहेरी साताऱ्याला कोण घेऊन गेलतं? मी. डिकीत पोतं व्हतं का? व्हतं. कराडच्या अलीकडं एक गिऱ्हाईक व्हतं, ते घावलंच न्हाई. तेच पोतं तसंच परत आणलं. आता आठवा. जाताना अक्षी कशी व्हती?"

"इस्लामपूर येईपर्यंत खोकत होती. गाडी थांबवून दम्याचा पंप द्यावा लागला."

"आन् येताना?"

येताना ती साताऱ्यापासून कराडपर्यंत बडबडगीतं म्हणत होती. मग माझ्या मांडीवर झोपली. घरी उतरवलं तेव्हा गाल गुलाबी होते.

तीच गाडी, तेच पोतं, तोच पंखा.

मग एकेक आठवायला लागलं. दवाखान्यात जाताना खोकला, येताना नाही. लग्नाला जाताना खोकला, येताना नाही. मी समजत होते, डॉक्टरांच्या औषधानं येताना बरं वाटत असेल. लग्नात कुठलं औषध दिलं होतं?

आत्या ओट्याशेजारी लसूण सोलत सगळं ऐकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी कवापास्नं सांगतीया. दारात नजर लागती पोरीला. गाडी निघाली की समोरची मनुबाई खिडकीत येती का न्हाई? डोळा वाईट हाय तिचा. पर तू शिकल्याली, तुला कुटलं पटतंय. असू दे. माझा बंदोबस्त मी करतीया."

मनुबाईच्या डोळ्यावर माझा विश्वास नव्हता. पण आत्यांचा एक शब्द माझ्या मनात रुतला. दारात.

आत्या चुकून बरोबर बोलल्या होत्या. जे काही होतं ते गाडीत नव्हतंच. ते आमच्या दारात, गाडी सुटताना, आत शिरत होतं.

४

संध्याकाळी मी मागच्या दगडावर सकाळचं पातळ धुवायला घेतलं. पदराच्या टोकाला बोटाचा पिवळा डाग होता. साबणाची वडी घासली.

डाग लाल झाला. कुंकवासारखा लालभडक.

मी वडी खाली ठेवली. साताऱ्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले, पण ह्याला कॉलेज लागत नाही. गंधकाला कितीही साबण लावा, ते पिवळंच राहतं. साबण किंवा चुना लागला की लाल होते ती हळद. आपल्याकडं कुंकू तसंच तर करतात.

गाडीच्या पोटात हळद? स्वयंपाकघरातला डबा माझ्या ताब्यात असतो, तो कुणी गाडीत नेऊन उपडा करत नाही. आणि वास? सांगलीत हळदीचा वास कुणाला वेगळा कळतो? मार्केट यार्डाकडचा वारा सुटला की सगळ्या गावालाच तो येतो.

"काय सांडलं गं?" आत्या मागच्या दारात उभ्या होत्या.

"हळद," मी म्हटलं आणि त्यांच्याकडं रोखून बघितलं. "गाडीतली. खणामागच्या जागेतली."

आत्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दोन पायऱ्या झपकन उतरल्या. म्हाताऱ्या बाईला एवढं झपकन उतरताना मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या हातातला पदर त्यांनी ओढून घेतला, बादलीत पिळला, आणि बादली उचलली.

"मोरीत सोडू नगंस!"

"साबणाचं पाणी आहे ते, आत्या."

"असू दे. मोरीत सोडायचं न्हाई." त्यांनी ते पाणी नेऊन जास्वंदीच्या बुडात ओतलं, माझ्याकडं न बघता, आणि आत निघून गेल्या.

मी ओल्या हातांनी तिथंच बसून राहिले. आमच्या घरात रोज आमटीची पातेली घासली जातात. त्यातली हळद रोज मोरीतनं जाते. आत्यांनी कधी हूं का चूं केलं नाही.

मोरीत जाऊ द्यायची नाही अशी हळद धनगराच्या घरात एकच असते.

आणि मला ते दृश्य दिसलं. मी ते इतक्या वेळा बघितलं होतं की बघणं सोडून दिलं होतं. आम्ही गाडीत बसतो. मी पोरीचा स्वेटर, पाण्याची बाटली, पंप सगळं मांडीवर घेते. केरबा पंखा सुरू करतो. आत्या घरातनं येतात, पिशवीतनं मूठ भरतात, आणि म्हणतात...

रविवार दोन दिवसांवर होता. मी नवा फिल्टर बसवू दिला नाही, यांनाही काही बोलले नाही. कारण खोकला कसा येतो ते कळलं होतं. फिल्टर कुणी काढला तेही जवळजवळ कळलं होतं. का लपवला, तेवढं मात्र कळलं नव्हतं, आणि ते कळेपर्यंत मी आत्यांच्या हातचं पाणीसुद्धा पोरीला दिलं नाही.

५

रविवारी सकाळी गाडी दारात लागली. अक्षताला मी मुद्दाम घरात माझ्या मोठ्या शालीत गुंडाळून बसवलं आणि एकटी बाहेर आले. केरबानं पंखा सुरू केला. प्रशांत नारळाची पिशवी ठेवत होता. आत्या आल्या. पिशवीतनं त्यांनी मूठ भरली, नेहमीपेक्षा मोठी.

"बिरोबाच्या नावानं..."

"थांबा, आत्या."

हे वैतागले. "आता काय काढलंस?"

मी उदबत्ती पेटवून आणली होती. ती पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरच्या खाली, काळ्या जाळीजवळ धरली. धूर वर जायला हवा होता. तो गेला नाही. तो वाकला आणि साप बिळात शिरावा तसा जाळीत शिरला.

"आता आत वाकून बघा. अक्षता बसते त्या जागेपुढच्या झडपेतनं काय येतंय?"

प्रशांतनं आत डोकं घातलं. "आयला. धूर येतोय."

"आता धुराच्या जागी भंडारा समजा," मी म्हटलं.

समोर मनुबाई खिडकीत आली होती, ती सगळं नीट बघत होती.

मग मी क्रमानं सांगितलं. उन्हाळ्यात गाडी आली. प्रत्येक वेळी निघताना आत्यांनी बॉनेटवर भंडारा उधळला. वाऱ्यानं तो काचेखालच्या जाळीत गेला, आणि आतला फिल्टर तो गाळत राहिला. म्हणून दसऱ्यापर्यंत पोर बरी होती. फिल्टर गच्च भरला तशी हवा येईना. केरबानं गाडी गॅरेजात नेली, फिल्टर निघाला, हवा मोकळी आली. त्या दिवसापासून भंडारा न गाळता थेट पोरीच्या तोंडावर यायला लागला. गंधक असतं तर येतानाही त्रास झाला असता. साताऱ्यात माझी आई भंडारा उधळत नाही. दवाखान्याच्या दारात कुणी उधळत नाही.

"केरबा, मी तुला पांढरी जाळी दाखवली, तू पिवळी म्हणालास. ती साध्या धुळीनं भरली असती तर तू फेकून दिली असतीस आणि तसं सांगितलंही असतंस. तुला ती फेकता आली नाही. ठेवताही आली नाही. मग तू ती कुणाकडं नेलीस?"

केरबानं डोक्यावरची टोपी काढली. "दादा, मिस्त्री म्हणाला, गटारीवर आपटून झाड. घडीघडीत भंडारा बसल्याला. देवाचा भंडारा गटारीत झाडू? माजा हात झडला असता. म्हणून मावशीकडं आणून दिली."

"आन् मला सांगितलं न्हाईस?" हे ओरडले.

"त्याला काय बोलतोस," आत्या म्हणाल्या. "मीच सांगू नगंस म्हणाले." त्या मूठ तशीच मिटून आत गेल्या आणि देवघरातनं चोळीच्या लाल खणात बांधलेली एक चौकोनी वस्तू घेऊन आल्या. खण सोडला. घड्या इतक्या गच्च भरल्या होत्या की ती पिवळी वीट वाटत होती. देवाच्या टाकामागं ठेवून त्या रोज तिला हात जोडत होत्या.

"का नाही सांगितलंत, आत्या?" माझा आवाज चढला होता. दोन दिवस मी हे वाक्य घोळवत होते.

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, भंडारा बंद." त्यांनीही माझ्याकडं रोखून बघितलं. "तू आलीस तवापास्नं एकेक बंदच व्हत आलंय. धुरी बंद. वेखंड बंद. पोरीच्या कपाळाचा अंगारा बंद. एवडं एक ऱ्हायलं व्हतं माझ्याकडं, पोर बाहीर निघाली की करायचं. मला वाटलं, वाऱ्याची जाळी हाय, काढली तर काय बिगडतंय. गाडी चालती तर हाय."

"आणि ती खोकत होती ते?"

"ती खोकाय लागली म्हणूनच..." आत्या मध्येच थांबल्या. स्वतःच्या मुठीकडं बघायला लागल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि हिशेब तिथं जुळताना मला दिसला. "ती जास्त खोकाय लागली म्हणून मी जास्त टाकाय लागले गं."

घरातनं अक्षतानं हाक मारली, "आज्जे, गाडी सुटली का?"

आत्यांनी मूठ पिशवीत रिकामी केली, कण न् कण झटकला, आणि नळावर जाऊन हात धुतला. ते पाणी कुठं गेलं त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

६

निघायला दुपार झाली. काचेखालची जाळी आणि खणामागची जागा ओल्या फडक्यानं पुसून काढली. दारं सताड उघडी टाकून पंखा जोरात पळवला. मग नवा फिल्टर मीच सारला, बाणाचं तोंड पंख्याकडं करून. झाकणाच्या खटक्या बसल्याचा आवाज आला तरी मी पुन्हा दाबून बघितल्या. खण वर ढकलला. दोन्ही कडा जागेवर बसल्या. केरबा मागं उभा राहून बघत होता. "आता पुन्हा भरला तर मला विचारशील," मी म्हटलं. "व्हय, वैनीसाब," एवढंच म्हणाला.

वाटेत मी फक्त ऐकत होते. शेजारी आत्याही. दोघींच्या मध्ये अक्षता, आणि ती अखंड बोलत होती. मेंढरं का थांबलीत, टँकरला केवढा पाइप आहे, ह्या गावात पाणी नाही तर कोंबड्या काय पितात. एकदा तिनं घसा खाकरला. आत्यांचा हात आणि माझा हात एकदमच तिच्या छातीवर गेला. "गुदगुल्या होतात," ती म्हणाली.

पण खरी परीक्षा पुढंच होती. माळावरून उतरतानाच देवळाभोवती पिवळं धुकं दिसलं. ढोल वाजत होते आणि माणसं ओंजळींनी भंडारा उधळत होती. नवसाप्रमाणं पोरीला तिथं न्यायचं होतं.

"गाडी हितंच थांबीव," आत्या केरबाला म्हणाल्या.

"मावशी, देऊळ लय लांब ऱ्हायलं की."

"थांबीव म्हणलं."

केरबानं माळावरच गाडी उभी केली. काचा वर होत्या, पंखा चालू होता. हे आणि प्रशांत नारळ घेऊन पायी खाली गेले. आत्या हलल्या नाहीत. त्यांनी अक्षताला मांडीवर उभं केलं आणि काचेतनं तिला देऊळ दाखवलं. ढोलांचा आवाज आत बारीक येत होता. झडपेतनं येणाऱ्या हवेला कसलाच वास नव्हता. मी वाकून हुंगून बघितलं, दोनदा.

"पाया पड, अक्षे. त्यो बग देव."

"दिसत नाही."

"तू त्याला दिसतीस न्हवं? झालं तर मग."

थोड्या वेळानं पोर त्यांच्या खांद्यावर झोपली. आत्यांनी तिला माझ्याकडं दिलं, कमरेची पिशवी चाचपली, आणि दार उघडलं. मी एकदम ताठ झाले. त्यांनी ते ओळखलं. दार हलक्या हातानं लावलं, लागलं का ते ओढून बघितलं.

बाहेर उभ्या राहून त्यांनी भंडाऱ्याला हात घातला नाही. आधी वाकून चिमूटभर माती उचलली आणि डोळ्यांपुढं सोडली. माती आमच्या गाडीच्या अंगाला आली. आत्यांनी जन्मभर मेंढरांमागं वारा बघितलेला. त्या गाडीला वळसा घालून पलीकडं गेल्या, माळ उतरत चांगल्या लांब. पुन्हा माती सोडली. ह्या वेळी ती देवळाकडं गेली.

मग त्यांनी मूठ भरली.

ओठ हललेले दिसले, आवाज आला नाही. पिवळा लोट उठला आणि खाली देवळाकडं निघाला. मी काचेला कपाळ टेकवून तो पार विरेपर्यंत बघत राहिले, आणि एक हात पोरीच्या नाकाशी धरला होता. श्वास येत होता, जात होता.